पातळी बरोबर आहे

४ जून, मंगळवार

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न फोडताच केरात टाकाल अशी माझी निम्मी खात्री आहे. टाकायचं तर टाका, पण आधी एवढं वाचा. आमच्या वटवाघळानं मान फिरवली आहे.

हसू नका. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही चार दिवस राहायला आला होता, तेव्हा मी तुम्हाला कॉलेजच्या संग्रहालयातली माझी खोली दाखवली होती. चारशे बारा काचेच्या बरण्या, आत साप, बेडूक, मासे, दोन तोंडांचं कोकरू. तुम्ही उंबऱ्यातच थांबलात आणि नाकाला रुमाल लावलात. बरणी क्रमांक दोनशे सतरामध्ये वटवाघूळ आहे. तुमच्या भावानं नोकरीला लागल्यावर केलेला तो पहिला नमुना. बावीस वर्षं त्याचं तोंड खिडकीकडे होतं. मागच्या तीन सोमवारांत ते हळूहळू वळत गेलं आणि काल मी बरणीसमोर उभी राहिले तर ते थेट माझ्याकडे बघत होतं.

मी काही भित्री बाई नाही, तुम्हाला माहीत आहे. मेलेल्या जनावरांतच माझा दिवस जातो. पण काल हातातली वही खाली पडली.

काम तेच आहे, एकोणीस वर्षं तेच. स्पिरिट हळूहळू उडतं, पातळी उतरते, आणि नमुना उघडा पडला की कुजतो. म्हणून प्रत्येक बरणीवर पांढरी रेघ असते. दर सोमवारी मी रेघा तपासते, कमी असेल तिथे तुमचा भाऊ भर घालतो. पिंपातलं कडक स्पिरिट घ्यायचं, त्यात पाणी मिसळून शंभरात सत्तरावर आणायचं, हे त्याचं काम. नोंद ठेवायची हे माझं. वहीत दोन रकाने आहेत, पातळी आणि तीव्रता. पातळी दर आठवड्याला, तीव्रता तीन महिन्यांनी. पातळी कधी एक रेघ इकडची तिकडे नाही. तीव्रताही सत्तर. तरी बेडकाच्या बरणीत पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ झालंय आणि त्याच्या पायाचं कातडं मोज्यासारखं सुटून तरंगतंय.

मी तुमच्या भावाला सांगितलं. तो म्हणाला, "खालून बस गेली की फडताळ हलतं. फिरली असेल मान." अहो, बस काय आज जायला लागली?

घरातही काहीतरी आहे. पहाटे अर्धवट झोपेत मला पाणी ओतल्याचा आवाज येतो. बारीक धार, मग थांबते, मग परत. उठावंसं वाटतं, पण उठवत नाही. सकाळी न्हाणीघरातला टॉवेल पिळून काढल्यासारखा वळलेला असतो, दोन्ही टोकं ओली आणि मधला भाग कोरडा. तोंड पुसून टॉवेल असा ओला होतो का? तुमचा भाऊ सहा वाजता माझा चहा घेऊन येतो, तेव्हा त्याची दाढी, अंघोळ, भांग, सगळं उरकलेलं असतं. संग्रहालयात सगळे त्याला 'घड्याळ' म्हणतात. विचार करताना माझ्या लक्षात आलं, की सहाच्या आधीचा माझा नवरा मी कित्येक वर्षांत बघितलेलाच नाही.

आता तुम्ही ओठ मुडपले असणार. थांबा. तो दारू पितो, हे मी कधी नाकारलं नव्हतं. संध्याकाळी दोन पेग, माझ्यासमोर, मोजून. बाटलीवर मी पेन्सिलीनं खूण करते आणि खूण कधी चुकत नाही. का करते ते विचारू नका. त्याचा कधी तोल गेला नाही, आवाज चढला नाही, एक दिवस खाडा नाही. निघताना दारात तुम्ही मला म्हणालात, "त्याच्या पेल्याचा वास घेत जा." मी म्हणाले, आम्ही दोघं दिवसभर स्पिरिटात असतो, आमच्या उशांनासुद्धा तोच वास, तुम्ही कशाला नाकानं कांदे सोलताय? आणि वर म्हणाले, की भावाचा संसार बघवत नसेल तर पुन्हा इथे पाऊल टाकू नका. तुम्ही टाकलं नाहीत. शब्दाच्या पक्क्या आहात.

मला एवढंच विचारायचंय, की लहानपणी त्याला झोपेत चालायची सवय होती का? दुसऱ्या कुणाला विचारू? तुमच्याशिवाय त्याचं कुणी उरलेलं नाही.

तुमची भावजय


१५ जून, शनिवार

ताई,

कार्ड मिळालं. नऊ वर्षांनी लिहिता आणि दोन ओळी! "बाबांचा टॉवेल निळा होता. पहाटे पाचला उठ, आवाज करू नकोस." ना नमस्कार, ना खुशाली. मी हे विचारलं होतं का? टॉवेलाच्या रंगाशी मला काय करायचंय?

मला रागच आला, खोटं कशाला सांगू. कार्ड फाडलं, मग तुकडे परत जोडून वाचलं. तुमचे बाबा झोपेतच गेले असं तुमचा भाऊ सांगतो. तो तेव्हा दहा वर्षांचा होता आणि तुम्ही एकोणीसच्या. त्यापलीकडे तो एक अक्षर बोलत नाही, आणि मीही कधी खोदून विचारलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

काल संध्याकाळी तो माझ्यासमोर बसून पेपर वाचत होता. पहिला पेग, दुसरा पेग, बाटलीला बूच. मी त्याच्याकडे बघत बसले. चेहरा कसा, इस्त्री केल्यासारखा. मी म्हटलं, "तुझे बाबा कसे होते रे?" त्यानं पान उलटलं आणि म्हणाला, "वेळेवर उठायचे."

मी पाचला उठणार नाही. माझ्याच घरात मी चोरासारखी का वावरू?


१८ जून, मंगळवार

ताई,

उठले.

नीट क्रमानं लिहिते, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही. पाचाला दहा कमी असताना अंथरुणात त्याची जागा गार होती. मी अनवाणी बोळात गेले. न्हाणीघराचं दार बोटभर उघडं होतं, आत दिवा.

तो स्टुलावर बसला होता. म्हणजे कुणीतरी बसलं होतं. मला खरंच वाटलं, घरात कुणी म्हातारा शिरलाय. गाल ओघळलेले, ओठ लोंबलेला, सगळं अंग थंडी वाजल्यासारखं हलत होतं. टॉवेल मानेमागून घेतलेला. त्याचं एक टोक उजव्या मनगटाला गुंडाळलेलं आणि त्या हातात स्टीलचा पेला. दुसरं टोक डाव्या हातात. डाव्या हातानं तो टॉवेल खाली ओढत होता आणि उजवा हात विहिरीतून बादली यावी तसा वर येत होता, तोंडापर्यंत. पेल्याची कड दातांवर वाजली. निम्मं सांडलं. त्यानं टॉवेलाचं ओलं टोक तोंडात धरून चोखलं.

अहो, हे हात मी ओळखते. ह्याच हातांनी तो चिमणीचं काळीज न फाटता काढून दाखवतो, मुलं श्वास रोखून बघतात. हेच हात आहेत म्हणून मी त्याच्याशी लग्न केलं.

दुसऱ्या पेल्याला टॉवेल लागला, पण पेला कमी वाजला. तिसऱ्याला टॉवेल लागला नाही. आणि मग, कसं सांगू तुम्हाला, माझा नवरा माझ्या डोळ्यांदेखत तयार झाला. हात थांबले. गाल जागेवर गेले. पाठ सरळ झाली. त्यानं आरशात बघून भांग पाडला, आणि त्या म्हाताऱ्याचा मागमूस राहिला नाही. दहा मिनिटं लागली असतील. मी दाराची चौकट धरून उभी राहिले.

मग तो स्वयंपाकघरात गेला, मी कपाटाआड. संध्याकाळची, कालच आणलेली नवी बाटली काढली. पेन्सिलीच्या खुणेपर्यंत भरलेली, तशीच. तिच्यात होतं ते सगळं त्यानं आपल्या फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत ओतून घेतलं. मग गार चहाचं पाणी गाळून, त्यात साधं पाणी घालून, रंग जमेपर्यंत मिसळलं आणि बारीक धारेनं बाटलीत सोडलं. बाटली डोळ्यासमोर धरून रेघ तपासली. थोडी कमी वाटली, दोन थेंब टाकले. अगदी बरण्या भरतो तसं.

रोज संध्याकाळी मी मोजत होते ते दोन पेग म्हणजे चहाचं पाणी, ताई. बाटली संपली की तो नवी आणायचा, मी खूण करायचे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे खरी दारू त्याच्या बाटलीत. मी खूण सांभाळत बसले.

मी परत जाऊन अंथरुणात शिरले. सहाला तो चहा घेऊन आला. "झोप लागली?" म्हणाला. मी हो म्हणाले. चहाचा पेला हातात घेतला आणि पहिल्यांदाच वास घेतला. चहाच होता. पण तो माझ्याकडे बघत होता, आणि मी वास घेतला हे त्याला दिसलं.


२६ जून, बुधवार

ताई,

इस्पितळातून लिहितेय, बाकावर बसून. तुमचा भाऊ जिवंत आहे. आधी ते सांगते, कारण तुमचं दुसरं कार्ड मला काल दारात पडलेलं मिळालं. "काही ओतून टाकू नकोस. मी बाबांची ओतली होती. तिसऱ्या दिवशी गेले."

चार दिवस उशीर झाला. शुक्रवारी संध्याकाळी मी सगळी ओतली होती.

रागाच्या भरात. दुसरं काय येतं मला? गीझरच्या मागे एक, गरम पाण्याच्या पिशवीत भरलेली एक, जुन्या बुटात एक. तो बघत उभा होता. फिरकीची बाटली उघडली तेव्हा मला दारूचा वास आला नाही. माझ्या खोलीचा वास आला. बरण्यांचा. मी म्हटलं, "हे पिंपातलं आहे?" तो म्हणाला, "एवढं ओतू नकोस. निदान एवढं राहू दे." इतक्या मऊ आवाजात म्हणाला, की मी मोरीचा नळ मोठा सोडला. मी म्हणाले, "दोन दिवस कळ काढ, सुटेल." जशी काही मीच डॉक्टर!

शनिवारी तो घामानं निथळत होता. टॉवेल मागत होता. मी दिला नाही. रविवारी सकाळी नऊच्या सुमारास स्वयंपाकघरात तो धाडकन पडला, दातखीळ बसली, टाचा फरशीवर आपटायला लागल्या. त्या टाचांचा आवाज अजून कानात आहे. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई धावत आल्या, त्याला कुशीवर वळवलं आणि मला एकच विचारलं, "एकदम बंद केलीत का?"

इथल्या डॉक्टरीणबाईंनीही तेच विचारलं. ज्याला रोज इतकी लागते त्याची एकदम तोडली तर जीव जाऊ शकतो, म्हणाल्या. देखरेखीखाली, औषधं देऊन सोडवावी लागते. मी म्हणाले, "पण तो दारुडा नाही हो, एक दिवस खाडा केलेला नाही त्यानं." त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुम्हाला इतका उशीर झाला." रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी दिवसभर त्याला वेगळंच दिसत होतं. वॉर्डात लख्ख ऊन, आणि तो चादरीवरून काहीतरी झटकतोय. "झाकणं लाव," मला म्हणाला. "सगळे बाहेर यायला लागलेत." मग आकडे म्हणायला लागला. "सत्त्याण्णव. एकशे चार. दोनशे सतरा. तीनशे तीस." मध्येच थांबून माझ्या खांद्यामागे बघायचा आणि कुणाला तरी हळूच म्हणायचा, "आत जा, ती बघतेय."

काल दुपारी मी संग्रहालयातल्या माझ्या खोलीत गेले, एकटी. त्यानं सांगितलेले आकडे हातावर लिहून घेतले होते. सत्त्याण्णवच्या झाकणाचं मेण फोडून परत लावलेलं. एकशे चारचं तसंच. दोनशे सतराचं वटवाघूळ आता दाराकडे बघत होतं, मी येईन तिकडे. मी हायड्रोमीटर काढला. ती खाली शिसं भरलेली काचेची नळी असते. स्पिरिट कडक असेल तर खोल बुडते, पाणचट असेल तर वर तरंगते. दोनशे सतरामधलं थोडं काढून नळी सोडली. ती बुडेचना. एकतीस.

पिंपातलं तो पीत होता आणि बरण्यांत भर नुसत्या पाण्याची पडत होती. पातळी बरोबर. प्राणी मऊ पडत होते, म्हणून मान फिरली, बाकी काही भूत नव्हतं. एकेचाळीस बरण्या अशा निघाल्या.

आता जे लिहायचं ते मी पहिल्या पत्रात लपवलं होतं. तीव्रता सत्तर, असं मी ठासून लिहिलं होतं ना? अडीच वर्षांत मी ती मोजलेलीच नाही. शेवटची मोजली तेव्हा अठ्ठावन्न आली होती. मी मान वर केली. तो फडताळाच्या पलीकडून, दोन बरण्यांच्या मधून माझ्याकडे बघत होता. साप नव्हता, मासा नव्हता, माझा नवरा होता, पण काचेमुळे त्याचा डोळा एवढा मोठा दिसत होता. मी वहीत सत्तर लिहिलं. त्यानंतर नळी खणातून बाहेर काढलीच नाही, नुसतं सत्तर, सत्तर, सत्तर. डोळ्यांवर कातडं ओढणं म्हणतात ते हेच. तुम्ही वास घ्यायला सांगितलात तर मी तुम्हाला घराबाहेर काढलं, आणि अडीच वर्षांपूर्वी मीच आकडा वाचला तर स्वतःलाच बाहेर काढलं.

ताई, तुम्ही एकोणीसच्या होता. मी सत्तेचाळीसची आहे, घरात फोन आहे, खाली नर्स राहते, तरी मी तेच केलं. तुम्हाला कुणी सांगितलं असतं? हे इतकी वर्षं एकटीनं कसं हो पोटात ठेवलंत?


९ जुलै, मंगळवार

ताई,

तुमचं कार्ड नाही, पण मी लिहिणार. गप्प बसायची वेळ माझी होऊन गेली.

मागच्या सोमवारी मी नोंदवही घेऊन संग्रहालयाच्या प्रमुख मॅडमकडे गेले. जायच्या आधी इस्पितळात तुमच्या भावाला सांगितलं. तो आता बसतो, जेवतो, हात थोडे कापतात पण पेला धरतो. म्हणाला, "झाकली मूठ राहू दे. मी निस्तरतो. एकेक बरणी बदलत नेतो, कुणाला कळणार नाही." मला क्षणभर पटलं, बघा! माझी जीभसुद्धा 'बरं' म्हणायला वळली होती. मग म्हटलं, "नाही. पिंपाची किल्ली तुझ्याकडे आहे तोवर तू मरशील, आणि मी वहीत सत्तर लिहीन." तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

मॅडमसमोर मी लाल पेनानं अडीच वर्षांचे रकाने खोडले. प्रत्येक ओळीपुढे लिहिलं, 'मोजले नाही', आणि सही केली. सही करून करून बोट सुजलं. त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "हे सगळं तुम्ही मला कशाला सांगितलंत? मला तर काही कळलं नसतं." मी म्हणाले, "म्हणूनच." मला लेखी ताकीद मिळाली. एकेचाळीस नमुने गेले. तुमच्या भावाला रजा, आणि परत येईल तेव्हा हाडांच्या विभागात. पिंपाची किल्ली मॅडमच्या टेबलात. हाडांच्या खोलीत सगळं कोरडं असतं, हा त्यांचा विनोद होता की नाही ते मला कळलं नाही. मी हसले, मग तिथेच रडले.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक सांगितलं, ते मला फार जड जातंय. बाटल्यांवर खुणा करायच्या नाहीत. वास घ्यायचा नाही, कपाटं उघडायची नाहीत, पहाटे उठून बघायचं नाही. म्हणाल्या, "तुम्ही पहारा केलात, तेव्हा तो चहाचं पाणी करायला शिकला. मोजणं आता त्याचं काम." मी म्हणाले, "आणि माझं काम काय?" म्हणाल्या, "खोटं लिहायचं नाही, आणि कुणी विचारलं तर सांगायचं." गुरुवारी घरच्या माणसांची बैठक असते तिथे. दहाबारा जण येतात. एक निवृत्त न्यायाधीशबाई आहेत, त्यांनी सतरा वर्षं नवऱ्याची कुलपं सांभाळली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा नुसती ऐकत बसले. दुसऱ्यांदा मी सत्तरचं सांगितलं. कुणी 'अरे बापरे' म्हटलं नाही. चार जणींनी नुसत्या माना हलवल्या.

तो शनिवारी घरी आला. रविवारी दोनशे सतरा आम्ही दोघांनी मिळून रिकामी केली. वटवाघूळ हातात घेतलं तर ओल्या कागदासारखं. त्यानं ते संग्रहालयामागच्या मातीत पुरलं, स्वतः खड्डा खणून. मग गुडघ्यांवर बसूनच म्हणाला, "अठ्ठावन्न आली होती ना त्या दिवशी?" मी हो म्हणाले. "मला वाटलं होतं, तू आता ओरडशील. मी वाट बघत होतो." मी म्हणाले, "तुझ्यावर ओरडायचं सोडून मी बाकी सगळ्यांवर ओरडले." तो हसला, आणि त्याचा चेहरा अर्धा त्या न्हाणीघरातल्या म्हाताऱ्याचा झाला, अर्धा माझ्या नवऱ्याचा. मला भीती वाटली नाही असं नाही. पण त्या म्हाताऱ्याशी मी पहिल्यांदाच बोलले.

हायड्रोमीटर आता घरी आहे. संग्रहालयाला नवा मिळाला, जुना त्यानं मागून घेतला. त्याच्या खणात असतो. मी तो खण उघडत नाही.

ताई, तुम्ही या. तुमचा भाऊ बाबांबद्दल बोलायला लागलाय, पण मला अर्धंच कळतं. बाबा झोपेत गेले नव्हते; त्याला वाटतं त्या दिवशी आपण न्हाणीघराचं दार उघडलं असतं तर ते वाचले असते. दहा वर्षांचं पोर! तुम्हाला वाटतं तुमच्यामुळे गेले. तुम्ही दोघं एकमेकांसमोर बसून एकदा हे बोला, नाहीतर बाबा आमच्या न्हाणीघरातून जाणार नाहीत.


१९ ऑगस्ट, सोमवार

ताई,

इस्पितळाच्या बाहेरच्या बाकावरून लिहितेय. घाबरू नका, आज आम्ही दोघं चालत आलोय.

आज पहाटे मला पाण्याचा आवाज आला.

तोच. बारीक धार, मग थांबली, मग परत. मी डोळे उघडले. त्याची जागा गार. घड्याळात पाच वाजून पाच मिनिटं. शेवटचा घोट घेऊन एकोणसाठ दिवस झाले होते, ताई. मी दोन्ही हातांनी चादर धरली. उठायचं नाही, असं ठरलं होतं. मला डोळ्यांसमोर तो स्टुलावर दिसत होता, मानेमागून टॉवेल. वाटलं, धावत जावं आणि पुन्हा सगळं मोरीत ओतावं. पावलं बोळातून आली. दारात थांबली. अंधारात चेहरा दिसत नव्हता, कोण आलंय ते मला खरंच कळत नव्हतं.

"उठ," तो म्हणाला. "एक आकडा लिहायचाय."

ओट्यावर काचेचं उभं मोजपात्र होतं, काठोकाठ भरलेलं, आणि त्यात ती नळी तरंगत होती. शेजारी बाटली. काल संध्याकाळी आणली म्हणाला, पायजम्याच्या खिशातून. पहाटे उघडली. दोन घोट घेतले. दोन म्हणाला, मी तीन धरते. मग टॉवेल घ्यायला हात गेला, आणि टॉवेल हातात आल्यावर तो तसाच उभा राहिला. किती वेळ ते त्याला माहीत नाही. मग उरलेली मोजपात्रात ओतली.

हात थरथरत होते. ओठ लोंबलेला. तोच म्हातारा माझ्यासमोर उभा होता, आणि तोच माझा नवरा होता, आणि ह्या खेपेला तो भांग पाडून यायच्या आधी आला होता.

"वाच," तो म्हणाला.

"तू वाच. तुझं काम आहे."

तो वाकला, डोळा पातळीला आणला. नळी हलत होती, थांबायला वेळ लागला.

"बेचाळीस," म्हणाला. मग माझ्याकडे बघून हसायला लागला, आणि हसता हसता त्याच्या नाकातून पाणी यायला लागलं. "लिही की सत्तर. सवय आहे तुला."

मी किराण्याची वही ओढली. तारीख घातली. बेचाळीस लिहिलं. त्याच्यापुढे वही केली, त्यानं खाली सही केली. अक्षर वेडंवाकडं आलंय, पण त्याचंच आहे.

मग मोजपात्र मोरीत त्यानं रिकामं केलं, मी नाही. सात वाजता डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "कुणी सांगितलं तुम्हाला?" मी म्हणाले, "त्यानंच." त्या म्हणाल्या, "मग लगेच या दोघं, आणि चालत येता आलं तर चालत या."

ताई, तुमचं तिसरं कार्ड शनिवारीच आलं होतं. मी मुद्दाम त्याला दाखवलं नाही, तुम्ही कधी येताय ते तुमच्या तोंडून कळावं म्हणून. आज सकाळी चालताना दाखवलं. "अठ्ठावीसला येते. टॉवेल माझा मी आणीन." त्यानं ते दोनदा वाचलं आणि वरच्या खिशात ठेवलं. म्हणाला, "ताईला आजचं सांगू नकोस, नाहीतर उलट्या पावली जाईल."

मी म्हणाले, सांगणार. म्हणून हे लिहिलं. इस्पितळाच्या फाटकाशी टपालपेटी आहे, आत जायच्या आधी टाकते. घरी येऊन कळण्यापेक्षा निघायच्या आधी कळलेलं बरं. बेचाळीस आलंय, ताई. तरी या.